सरूबाईच्या पोतीतला मणी

हैदराबादच्या एका दातांच्या डॉक्टरांनी मला फसवलं. जालन्यात, माझ्या दुकानात हातात घेतलेलं काम त्यांनी आपलं म्हणून काचेच्या कपाटात मांडलं, खाली आपल्या नावाची चिठ्ठी लावली आणि त्या कपाटासमोर उभं राहून शिकाऊ डॉक्टरांना वर्षानुवर्षं पाठ दिला. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. संपादक म्हणाले, नाव छापलं तर दिवाळी अंक कोर्टात वाचावा लागेल. ठीक आहे. ज्याचं त्याला समजेल.

मी शिकलेला डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी शोध लावायला नको. जाफराबादकडच्या एका कोरडवाहू घरातला मी पोरगा. घरातून भांडून निघालो तो सिकंदराबादच्या छावणीत याच डॉक्टरांच्या दवाखान्यात झाडू मारायला लागलो. नऊ वर्षं राहिलो. झाडूपासून हत्यारं उकळण्यापर्यंत, तिथून प्लास्टर कालवण्यापर्यंत आणि शेवटी सोन्याची तार वाकवण्यापर्यंत पोहोचलो. शेवटची दोन वर्षं तर डॉक्टरसाहेब पेशंटशी बोलायचे आणि तार मी वाकवायचो. मग जालन्याला येऊन मस्तगडात एक खोली घेतली आणि पाटी लावली : ‘दात काढणार, बसवणार, सरळ करणार.’ पाटीवर ‘डॉक्टर’ हा शब्द मी कधीच लिहिला नाही. लोकच ‘डागदर’ म्हणायचे. त्यांचं तोंड मी कसं धरणार? धरायचो ते दुसऱ्या कामासाठी.

निजामाच्या अमलातले ते दिवस. पोलीस ॲक्शनला अजून पुष्कळ अवकाश होता. दात दुखला की माणूस आधी लवंग धरायचा, मग मंत्र घालून घ्यायचा, मग न्हाव्याकडे जायचा आणि गाल टरबुजासारखा सुजल्यावर माझ्याकडे यायचा. आल्यावर घासाघीस करायचा. मीही कमी नव्हतो. एका दाताच्या दरात शेजारचा दातही काढून द्या म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांना ‘शेजारचा चांगला आहे, तो मीच विकत घेतो’ म्हणून गप्प केलेलं आहे.

एक गृहस्थ तर वारलेल्या वडिलांची कवळी घेऊन आले. रुमालात नीट गुंडाळलेली.

“ही मला बसवून द्या.”

मी म्हटलं, “अहो, हे तुमच्या वडिलांच्या जबड्याच्या मापाचे दात.”

“वतन बापाकडून पोराकडं येतंय ना? मंग दात का न्हाई? अन् चेहरा माझा बापावरच गेलाय, कुणालाबी विचारा.”

मी बसवून दाखवली. बोलायला गेले आणि वडिलोपार्जित दात थेट माझ्या मांडीवर आले. तेव्हा कुठे नव्या कवळीला तयार झाले.

‘सरळ करणार’ हे पाटीवरचं तिसरं काम मात्र कुणाला पटायचं नाही. दात सरळ कसा होईल, तो काय वेल आहे? मी सांगायचो, वेलच आहे. वेल मांडवाला बांधला की हळूहळू वळतो ना? कोवळ्या वयात दातही तसाच हाडातून सरकतो. फक्त ओढ मंद हवी आणि सतत हवी. दाढांना कड्या बसवायच्या, त्या कड्यांतून सोन्याची तार दातांच्या पुढून कमानीसारखी न्यायची आणि आत गेलेला दात त्या तारेला दोऱ्याने बांधायचा. दोरा कोरडा बांधायचा. तोंडात तो भिजतो आणि आखडतो. विहिरीवरचा मोटेचा नाडा ओला झाला की कसा ताणतो, हे शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. दोरा आखडला की दात पुढे येतो, तीन-चार दिवसांत दोरा सैल होतो, की नवा बांधायचा. सगळी विद्या एवढीच. बाकी सगळी सबुरी, आणि ती माझ्याकडे फारशी नव्हती.

माझ्या आयुष्यातलं या प्रकारचं सगळ्यात मोठं काम म्हणजे चंद्रीचा दात.

चंद्री अकरा वर्षांची होती. पिंपळगाव रेणुकाईच्या दगडूबा पाटलांची मुलगी. पाटलांनी जालन्यात कापसाची आडत घातली होती, म्हणून बायकामुलांसह ते मस्तगडातच राहायचे. चंद्रीचा वरचा समोरचा एक दात खालच्या दातांच्या मागे उगवला होता. दिसायला वाईट, एवढीच गोष्ट असती तर मी म्हणालो असतो, राहू द्या. पण तोंड मिटलं की तो वरचा दात खालच्या दाताला आतून ढुशी द्यायचा. दिवसातून हजार ढुश्या. खालचा दात हलायला लागला होता, हिरडी सोलून मूळ दिसत होतं. अकरा वर्षांच्या पोरीचा पक्का दात. तो पडला तर परत येणार नाही, आणि ती जागा आयुष्यभर रिकामी.

काम सुरू केलं. दोन महिन्यांत वरचा दात अर्धी वाट चालून आला. अर्धी वाट म्हणजे बरोबर खालच्या दाताच्या डोक्यावर. धारेवर धार. या धंद्यात यापेक्षा नाजूक मुक्काम नाही. तोंड मिटलं की दोन्ही दात एकमेकांवर आपटतात. इथून दात आठ-पंधरा दिवसांत उडी मारून पुढे गेला पाहिजे. या मुक्कामावर महिनोन् महिने थांबलं तर खालचा हलणारा दात गेलाच म्हणून समजा.

आणि नेमके तेव्हाच मस्तगडात उंदीर पडायला लागले.

प्लेग काय असतो ते आजच्या वाचकाला सांगून कळणार नाही. पहिल्या दिवशी एका कोठारात उंदीर मेले, चौथ्या दिवशी त्या गल्लीत माणूस. ताप, काखेत गोळा, आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. आठवड्यात गाव रिकामं व्हायला लागलं. ज्यांना शेत होतं ते शेतात झोपड्या घालून राहिले, ज्यांना गाव होतं ते गावी निघाले. पाटलांची गाडी दारात जुंपलेली, आणि ते चंद्रीला घेऊन माझ्या ओट्यावर आले. मागे त्यांची बायको, सरूबाई, डोक्यावर पदर, हातात पाण्याचा तांब्या.

पाटील म्हणाले, “डागदर, आमी चाललो पिंपळगावला. हे तार-बिर आता पुढं ढकला. जीव वाचला तर दात.”

मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं. पण खरं सांगतो, मीसुद्धा मनातून तेच ठरवलं होतं. माझं काम कसं चालतं? पेशंटच्या तोंडापासून माझं तोंड वीतभर. त्याचा श्वास तो माझा श्वास. मी घाबरलो होतो. मी म्हणालो, “बरोबर आहे. तार काढून टाकतो. सगळं निवळलं की पुन्हा सुरू करू.”

सरूबाईने तांब्या ओट्यावर ठेवला. ती म्हणाली, “तार काढल्यावर दात तिथंच राह्यल का?”

“नाही. परत मागे जाईल.”

“अन् तार ठेवली, दोरा बदलला न्हाई, तर?”

“जिथे आहे तिथेच थांबेल. आपटत राहील.”

“म्हंजे कसंबी केलं तरी खालचा दात चालला.”

पाटील म्हणाले, “अगं, जल्दी कर, बैल उभे हायेत. लोकं मरून राह्यले अन् तू दात घिऊन बसली.”

“लोकं मरून राह्यले ते मला बी दिसतंय,” ती म्हणाली. “पण ही मरणार न्हाई असं धरूनच आपुन गाडी जुंपली ना? मंग ही जगली तर जेवणार कशानं?”

मग ती माझ्याकडे वळली. “भाऊ, दोरा बांधायचं मला शिकवा.”

माझा पारा चढला. म्हटलं, “बाई, नऊ वर्षं लागली मला. हे काय वेणी घालणं आहे?”

“वेणी घालायला बी शिकावंच लागतंय. तुमी घालून दाखवा बरं एक.”

ओट्याखाली उभा असलेला त्यांचा गाडीवान फिस्सकन हसला. मी आत गेलो आणि चंद्रीच्या जबड्याचा प्लास्टरचा नमुना घेऊन आलो. पहिल्या दिवशी मेणात ठसा घेऊन मी तो ओतला होता. त्यावर तार बसवली, चिमटा आणि दोरा तिच्यापुढे टाकला. मनात म्हटलं, अर्ध्या घटकेत ही स्वतःच उठेल.

पहिल्यांदा चिमट्यातून दोरा निसटला. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा तिने चिमटाच बाजूला सारला, दोऱ्याचं टोक ओठात धरून पीळ दिला, नखाने दाताच्या मागे सारलं आणि दोन बोटांनी अशी काही गाठ मारली की मी ओढून पाहिली तर तार वाकली पण गाठ सरकली नाही.

“ही कसली गाठ?”

“पोत ओवायची. गळ्यातली गाठ सुटून चालत न्हाई, भाऊ.”

मग मी शिकवलं. चांगलं शिकवलं, हे मी माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. दोरा उकळलेल्या पाण्यात घालून कडकडीत वाळवायचा. हात राखेने धुवायचे. चौथ्या दिवशी जुना दोरा कापायचा, नवा बांधायचा. भाकरी दुधात कुस्करून द्यायची. आणि एकच धोका : दोरा दाताच्या बुडाकडे चढता कामा नये. दात मुळाकडे निमुळता असतो. दोरा तिकडे घसरला तर हिरडीखाली शिरतो, मुळाभोवती फास बसतो आणि चांगला दातसुद्धा आठ दिवसांत उपटून हातात येतो. “रक्त दिसलं, की समजा दोरा चढला,” मी म्हणालो. ती सगळं ऐकत होती. शेवटी तिने चंद्रीला आडवं घेतलं आणि माझ्यासमोर खऱ्या दातावर दोरा बांधला. चंद्रीने डोळे घट्ट मिटले, पण हूं की चूं केलं नाही. झाल्यावर म्हणाली, “आईचं बोट मोगऱ्याचं लागतंय, तुमचं लवंगंचं.”

गाडी गेली. मीही दुकानाला कुलूप घालून गावाबाहेर झोपडीत राहायला गेलो.

तीन आठवड्यांनी पिंपळगावकडचा एक तेली झोपडीजवळ आला आणि लांबूनच ओरडला, “पाटलीणबाईनं निरोप देल्ता. दोरा वर चढून राह्यलाय म्हन्ल्या. रगत येऊन राह्यलंय. काय करू, इचारलंय.”

मी सायकल काढली. राजूरच्या अलीकडे प्लेगचा नाका होता. जमादार म्हणाला, टोचून घेतल्याचा कागद दाखव. माझ्याकडे कागद नव्हता, कारण मी टोचून घेतलं नव्हतं. का, तर मला सुईची भीती वाटायची. हजारो माणसांच्या जबड्यात सांडशी घातलेला मी, आणि दंडात सुई घ्यायला घाबरलो! जमादाराशी मी सगळ्या तऱ्हेने घासाघीस केली. त्याच्या किडक्या दाढेवर फुकट इलाज करतो म्हणालो. तो म्हणाला, “दाढ बिलकुल राहू दे. तू परत जा, न्हाई तर इथंच टोचतो.” आयुष्यात मी घासाघीस हरलो ती तिथे. मागे फिरलो आणि त्याच तेल्याबरोबर निरोप पाठवला : दोरा ताबडतोब कापा. पुन्हा बांधू नका. काम थांबवा. प्लेग सरल्यावर बघू.

आठ दिवसांनी उत्तर आलं : “निरोप पोचला.”

एवढंच. मी समजलो, संपलं. खालचा दात गेला.

चार महिन्यांनी गाव पुन्हा भरलं. पांढऱ्या मातीने पोतारलेली घरं, काही घरांना कुलपं ती कायमचीच. पाटलांची गाडी आली आणि दुसऱ्या दिवशी चंद्री ओट्यावर. मी तिला खुर्चीत बसवलं, आरसा आत घातला आणि पाहतो तर वरच्या दाताच्या मागे, हिरडीलगत, काळा कुळकुळीत ठिपका.

माझं डोकंच फिरलं. आरसा ताटलीत आपटला. “कीड लावून आणलीत! दोरा काप म्हणून निरोप पाठवला होता, ऐकलं नाही! सोन्यासारखा दात कुजवला पोरीचा! तरी मी सांगत होतो, हे बायकांचं काम नाही!” आणखीही पुष्कळ बोललो. ओट्यावर माणसं जमली.

सरूबाई शांतपणे म्हणाली, “भाऊ, आधी दात मिटून बघायचे, मंग वरडायचं.”

“चंद्रे, मीट तोंड,” मी म्हणालो.

तिने तोंड मिटलं. वरचा दात खालच्या दाताच्या पुढे, जिथे असायला हवा तिथे, बरोबर बसला होता. खालचा दात मी बोटाने हलवून पाहिला. हलत नव्हता. हिरडी वर आली होती, गुलाबी, घट्ट. मी पुन्हा आरसा घातला आणि सुईने त्या काळ्या ठिपक्याला हात लावला. कीड मऊ असते. हे टणक होतं आणि फिरत होतं.

काचेचा काळा मणी. दोऱ्यात ओवलेला, दाताच्या पाठीला टेकलेला.

मणी हिरडीखाली शिरू शकत नव्हता, म्हणून मण्यातून जाणारा दोराही शिरू शकत नव्हता. जो फास मला भीती घालत होता, त्याला तिने त्या कणभर मण्याने अडवून धरलं होतं. मी नऊ वर्षं ज्या दवाखान्यात काढली, तिथे दोरा चढला की सगळे एकच करायचे : कापायचे आणि थांबायचे. अडवायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. छावणीत नाही, माझ्यातही नाही.

पाटील मागून म्हणाले, “पोतीतला मणी हाय तो. ऐन पिलेगात हिनं गळ्यातली पोत सोडली, डागदर. माझ्या आईनं आठ दिस हिच्या हातचं पाणी घेतलं न्हाई. मी जित्ता असताना पोत सोडली म्हणून.”

“तुमी जित्ते हाव ना अजून?” सरूबाई म्हणाली. “मंग?”

मी तेव्हा माफी मागायला हवी होती. मी फक्त म्हणालो, “हं. जमलंय.” माझ्या तोंडून याहून मोठी तारीफ त्या काळी निघायची नाही. पण मी मणी जागेवर असतानाच मेणात ठसा घेतला. असं काम पुन्हा पाहायला मिळणार नाही, हे मला कळलं होतं. मग दोरा कापला. मणी माझ्या तळहातावर पडला तसा सरूबाईने हात पुढे केला.

“माझा मणी द्या.”

तांब्यातल्या पाण्याने तिने तो धुतला, कनवटीला लावला आणि पोरीला घेऊन गेली. म्हणजे मणी तिच्याकडे गेला. माझ्याकडे राहिला तो प्लास्टरच्या जबड्यात दाताच्या मागे उठलेला मोहरीएवढा गोळा.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो. त्याच सुमाराला जालन्यात कुणी शिकलेला दातांचा डॉक्टर येणार अशी आवई उठली होती. मला माझ्या जुन्या डॉक्टरसाहेबांची एक चिठ्ठी दुकानात टांगायला हवी होती, की हा माणूस माझ्या हाताखाली तयार झालाय. म्हणून मी चंद्रीचे तिन्ही नमुने, आधीचा, मण्याचा आणि तार काढल्यावरचा शेवटचा, कापसात बांधून त्यांना पाठवले. सोबत पत्र लिहिलं. त्यात लिहिलं, ‘दोरा हिरडीत जाऊ नये म्हणून मी मणी लावला.’ मी. सरूबाईचं नाव लिहिलं नाही. कुणब्याच्या बायकोने केलं असं लिहिलं तर साहेब हसतील आणि चिठ्ठी देणार नाहीत, असा माझा हिशेब. हुशार माणसाचे हिशेब असेच असतात.

चिठ्ठी आली नाही. नमुनेही आले नाहीत. दोन वर्षांनी मी मेण आणि तार आणायला हैदराबादला गेलो. डॉक्टरसाहेब आता मोठ्या दवाखान्यात होते. भेटायला गेलो, तर काचेच्या कपाटासमोर दहा-बारा शिकाऊ डॉक्टर उभे, आणि कपाटात चंद्रीचे तीन जबडे. खाली साहेबांचं नाव. साहेब छडीने त्या मोहरीएवढ्या गोळ्याकडे दाखवून सांगत होते, ही माझी तरकीब.

मी तिथल्या तिथे ओरडलो, “साहेब, ये जबडे मेरे हैं!”

पोरं हसली. साहेबही हसले. “मारुती, तेरे जबडे तो तेरे मुंह में हैं.”

“काम मेरा है. जालने में किया.”

साहेब रागावले नाहीत. ते फार थंड डोक्याचे. छडी खाली ठेवून त्यांनी मला कपाटाजवळ बोलावलं. “अच्छा, तूने किया. तो इन बच्चों को बोल. मणी लगाना तेरेकू कैसा सूझा?”

मी तोंड उघडलं. बारा जोडी डोळे माझ्याकडे. आणि मला उत्तर येत नव्हतं. कसं सुचलं ते मला ठाऊकच नव्हतं, कारण मला ते सुचलंच नव्हतं, आणि जिला सुचलं तिला मी कधी विचारलं नव्हतं. एक नाव घेतलं असतं तरी पुरे होतं. ‘सरूबाईला सुचलं, पिंपळगावच्या.’ तेवढे तीन शब्द माझ्या जिभेवर आले नाहीत. पोरं पुन्हा हसली. मी पायऱ्या उतरून खाली आलो.

नंतरची कितीतरी वर्षं मी साहेबांना शिव्या देत होतो आणि त्या शिव्यांच्या आवाजात ही दुसरी गोष्ट मला ऐकू येत नव्हती. चंद्री मधूनमधून दुकानात यायची. आधी परकरात, मग नऊवारीत, मग कडेवर मूल घेऊन. एकदा माझ्या सदऱ्याचं बटण लोंबत होतं ते तिने बसल्या बसल्या शिवून दिलं आणि दोरा त्याच दाताने कचकन तोडला. मी तिच्या दाताकडे पाहत राहिलो. ती म्हणाली, “काय बघता मामा, तुमच्याच हातचा हाय.” तिच्या आईचं नाव मी तेव्हाही घेतलं नाही.

गेल्या नवरात्रात पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला गेलो होतो. दुकान बंद करून आता तीन वर्षं झाली. सरूबाई आता पुष्कळ म्हातारी झाली आहे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. तिच्या ओसरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. पत्र, कपाट, साहेब, छडी. काही लपवलं नाही. ती शेंगा फोडत ऐकत होती.

“मंग तवाच माझं नाव का न्हाई घेतलं?”

“बाईने केलं म्हटलं असतं तर हसले असते, सरूबाई.”

“न्हाई घेतलं तरी हसलेच की.”

मग इतक्या वर्षांनी मी तिला तो सवाल विचारला. “तुम्हाला मणी कसा सुचला?”

तिने शेंगा खाली ठेवल्या आणि मानेवरचा पदर बाजूला केला. काळी पोत गळ्यात होती. ती म्हणाली, “पोतीतले मणी मधीच फुटत्यात. जिथला फुटला तिथं नुस्ता दोरा राह्यतो, अन् त्यो मानंत रुततो. बाकी जागी मणी हायेत, तिथं रुतत न्हाई. पोरीच्या तोंडात दोरा रुतून राह्यल्ता. माझ्या मानंला बी त्या दिशी तसाच रुतत व्हता. मंग काय, काढला एक, लावला. तुमचा निरोप आल्ता कापा म्हणून. पण मणी लावल्यावर रगत थांबलं, मंग कशाला कापू?”

आणि हसून म्हणाली, “एवढंच हाय. तुमी डागदर लोकं ह्याच्यावर भांडून राह्यले व्हय?”

मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, “उठा, शेंगा सांडतील.”

हातात आरसा घेऊन मी किती तोंडं पाहिली असतील. दुखणारं तोंड कसं असतं ते मला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या हिरडीतलं दुखणं आपल्या मानेवर ओळखणारं माणूस मी एकच पाहिलं, आणि त्याचं नाव मी खाऊन टाकलं. माझा गुन्हा मी वर लिहून दिला आहे; ज्याला शिक्षा करायची त्याने करावी.

आता राहिले डॉक्टरसाहेब. ते हयात आहेत, मराठी वाचतात, आणि दिवाळी अंक त्यांच्या घरी येतो, हे मी चौकशी करून ठेवलं आहे. ते जबडे अजून त्या कपाटात आहेत आणि चिठ्ठीही तीच आहे. साहेब, मी नोकर होतो, मी चूक केली, मी उत्तर न देता पायऱ्या उतरलो. तुम्ही मालक. तुम्ही पायऱ्या उतरू नका. त्याच कपाटासमोर, तशाच पोरांना बोलावून, छडी त्या मोहरीएवढ्या गोळ्यावर ठेवा आणि तुमचाच सवाल आहे, त्याचं उत्तर द्या. मणी लावायचं तुम्हाला कसं सुचलं?